खोली लिहिली, वाट राहिली

मी एक जुनी अडगळीची खोली आहे. विटांच्या चार भिंती, वर पत्रा आणि उत्तरेला मोठी खिडकी, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझ्यासारखीला एरवी कोण विचारतं? पण माझ्यावरून दोन घरांत करार झाला होता, म्हणून सांगते.

मला बांधलं सुतारकाकांनी, आपल्या परसाच्या टोकाला. त्यांच्या लांब फळ्या माझ्यात मावेनात. तिरक्या उभ्या राहून त्या वाकायच्या आणि काका बोल मात्र मला लावायचे. शेजारच्या शिवणमावशींची निराळीच अडचण. त्यांच्या परसात लांबलचक शेड रिकामी पडलेली, आणि मावशी स्वयंपाकघरातल्या अंधारात डोळे फोडून शिवत बसलेल्या. शेवटी दोघांनी अदलाबदल केली. शेड काकांना, मी मावशींना.

रीतसर कागद झाला. पत्रे किती, खुंट्या किती, मोडकं स्टूलसुद्धा त्यात लिहिलं. वाट तेवढी राहिली. मावशींच्या परसातून माझ्याकडे यायचं तर ती शेडच आडवी, तिच्या आतूनच यावं लागे. आणि शेड तर त्यांनी देऊन टाकलेली. मावशींनी तसं म्हणून पाहिलं, तर काका हसले. "वहिनी, शेडमधून जायला तुम्ही मला विचारणार होय?"

अकरा वर्षं खरंच कोणी विचारलं नाही. मावशी केसांत लाकडाचा भुसा घेऊन यायच्या, झटकायच्या आणि मशीनवर बसायच्या. माझ्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा दिसतो, असं त्या गिऱ्हाइकांना सांगत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग काकांचे हात थरथरू लागले. घर आणि शेड विकून लेकीकडे जायचं त्यांनी ठरवलं. एक छापखानावाले बघायला आले. शेडमध्ये ते कोरा कागद ठेवणार, म्हणजे दाराला कायम कुलूप. वाटेचा हक्क लिहिलाय कुठे, असं त्यांनी विचारलं. काकांनी करार उलटसुलट करून पाहिला. असेल तर दिसणार.

मावशींनी मशीनवर चादर टाकली. "भाऊजी, खोली माझी आणि वाट परक्याची. आता मी पोट कशावर भरू?"

काका कराराची घडी घालून निघून गेले. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी छापखानावाल्यांना कळवलं, आधी वाट, मग विक्री. ते कुरकुरले, पण वाट वेगळी काढून द्या म्हणाले. काकांनी स्वतःच्या कपाटासाठी जपलेल्या सागवानी फळ्या काढल्या आणि शेडमध्ये, मावशींच्या परसापासून माझ्या दारापर्यंत, आडभिंत उभी केली. वाटेची रुंदी मावशींचं मशीन मोजून धरली. माणूस कसाही निघतो, मशीन निघालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग कागद झाला. शेड कोणाचीही असो, वाट मावशींची.

निघायच्या दिवशी काका निरोप घ्यायला आले. वाटेचं दार उघडंच होतं. तरी त्यांनी ते वाजवलं.

"भाऊजी, तुम्ही कशाला विचारता?" मावशी म्हणाल्या.

"आता वाट तुमची आहे," काका म्हणाले. "येऊ का?"

मावशींनी मशीनवरून उठून त्यांना आत आणलं आणि बसायला ते मोडकं स्टूल दिलं.

मित्रांनो, तोंडचा शब्द माणूस असेपर्यंतच पुरतो, म्हणून वाटही लिहून ठेवा. आणि लिहून झाल्यावरही, दुसऱ्याच्या वाटेवर पाऊल टाकताना दार वाजवत जा.