पाण्यातून आल्यावर एक रात्र

या मायबापहो, जरा सरकून जवळ बसा. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. एक गोष्ट ऐकवायची आहे. गोड नाही, पण ऐकून घ्या.

दारव्ह्याकडच्या एका तांड्यावर पुष्पा राहते. नवरा संजय मालदीवच्या बेटावर पाहुण्यांना खोल समुद्रात नेऊन मांटा दाखवतो. मांटा म्हणजे अंथरलेल्या वाकळीएवढा मासा, पंख हलवत डोक्यावरून जाणारा. सासू जमनी फोनवर ते पाही आणि म्हणे, "हा त माह्या पोराले पांघरून घालून राह्यला."

एका सांजेला ती जमनी छाती धरून खाली बसली. पुष्पानं संजयला लावायला फोन उचलला. सासरा नेमसिंग म्हणाला, "कायले त्याच्या जिवाले घोर लावतं? गॅस असंल. सकाळी पाहू." मोठ्यांचा शब्द. तिनं फोन ठेवला.

उजाडायच्या आत जमनी गेली. पुष्पा फोन लावत राहिली, पण संजय पहाटेच पाहुण्यांना घेऊन पाण्यात उतरला होता. वर आल्यावर बोलला तेव्हा आधी रडला. मग म्हणाला, "आज विमानात नाही बसता येत. खोल पान्यातून आल्यावर एक रात जाऊ द्या लागते, नाहीतर रक्तात बुडबुडे होते, मानूस मरते. उद्या निघतो. मी येईपर्यंत याडीले ठेवा, मायले आग देऊ नका."

पुष्पानं हे दारात जमलेल्यांना सांगितलं, तेव्हा तांड्याचा नायक रामसिंग म्हणाला, "आपन विहिरीत पोहून यष्टीत बसतो, काही होते का रे?" मयताच्या दारात माणसं हसली.

नेमसिंग नाही हसला. "गोऱ्याइले मासे दाखवाले टाइम हाये, मायले आग द्याले नाही. नाही ठेवत मी तिले." दुपारीच पुतण्या गुलाबसिंगानं अग्नी दिला. पोटचा लेक जिवंत असून.

दुसऱ्या सांजेला संजय आला. कुणी जागचं उठलं नाही. नेमसिंग म्हणाला, "झाले पाहुणे खुश?"

पुष्पानं नवऱ्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला आणि सासऱ्याकडे सरळ पाहिलं. "बाबा, त्या सांजेले मी फोन लावत होती. तुम्ही नाही म्हनलं. लावला असता त हे पान्यात उतरलेच नसते."

नेमसिंगानं तोंड फिरवलं. लेकाला ये म्हटलं नाही. संजय तांब्या तसाच ठेवून एकटा मसणवटीकडे गेला.

तर मायबापहो, आज आरतीला उभे राहाल तेव्हा जमनीची आठवण ठेवा. देवाला तिचं नाव सांगा. ते काढलं की त्या सांजेचा फोन निघतो, म्हणून तिच्या घरात आता ते कुणी काढत नाही.