पन्नासाला एक

गावच्या बोटीचं इंजिन भर पुरात जाम झालं आणि कायमचं गेलं. पण असं काही घडलंच नाही, असं ग्रामपंचायतीनं एकमतानं ठरवलं आहे, तेव्हा आपणही इंजिन धडधाकट धरून चालू.

इंजिन टू-स्ट्रोक. पन्नास भाग पेट्रोलात एक भाग तेल मिसळायचं. जास्त झालं की धूर आणि प्लग काळा. घालायचंच राहिलं तर पिस्टन आतल्या आत चिकटतो. हे गावात दोघांनाच कळत होतं: पंप दुरुस्त करणारा बाळासो आणि त्याचा थोरला भाऊ तात्या. विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज कुणी काढला यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. पुढं फ्यूज सापडला, मोटार जळाली, विहीर बुजली. बोलणं बंदच राहिलं. कुठल्या गटाची ओरड नको म्हणून पंचायतीनं बोट दोघांच्याही ताब्यात दिली.

चाचणीच्या दिवशी बाळासोनं टाकीत तेल घातलं. तात्यानंही घातलं. धूर असा निघाला, की पलीकडच्या काठावरून एकानं, साखर कारखान्याचं धुराडं पेटलं समजून, ऊसतोड कधी सुरू होणार म्हणून फोन केला. भर जुलैत.

संध्याकाळी बाळासो आईला म्हणाला, "सांग त्या शहाण्याला, त्याल घातल्यावर बोंबलायला काय झालतं? त्वांड हाय की दगड?"

झुंबरबाई उठली. दोन्ही लेकांच्या मधल्या खोलीत ती राहायची. इकडचं तिकडं पोचवणं हेच तिचं काम. तात्याच्या दारातून ती परत आली.

"त्यो म्हणतोय, उद्यापास्नं त्याल मी घालतो. तू तरास घिऊ नगंस."

बाळासोला जरा बरंच वाटलं. म्हणून सकाळी त्यानं टाकीत नुसतं पेट्रोल भरलं.

तोवर पंचगंगा गल्लीत आली होती. आईला मधे बसवून दोघं निघाले. नदी आणि शेत यातला फरक संपला तिथं इंजिन किंचाळलं आणि थांबलं. बोट वाहत जाऊन एका बाभळीच्या शेंड्यात अडकली.

"आई, इचार त्येला, त्याल घातलंस का?"

"आई, त्योच म्हणालता नव्हं, मी घालतो म्हणून?" तात्या म्हणाला.

दोघांनी आईकडं बघितलं. आई पाण्याकडं बघत होती.

"लई वंगाळ बोलताय रं तुम्ही," ती म्हणाली. "तसंच्या तसं सांगाय माझं त्वांड व्हईना."

मग बाळासो एकेक जुना निरोप आठवत मागं मागं जात राहिला. तापात आलेला 'जेवलास का' तात्याचा नव्हता. पोरीच्या लग्नात आलेला 'काय कमी पडलं तर सांग' तात्याचा नव्हता. इतकी वर्षं तो ज्या भावाशी भांडत होता, तो त्यातल्या त्यात बरा होता, आणि तो आईनं घरीच बनवलेला होता.

तात्याला कुठले निरोप आठवत होते, हे विचारून यायला आता मधे कुणी तयार नव्हतं. दुसरी बोट येईपर्यंत झुंबरबाई कुणाचंही काही घेऊन गेली नाही.

थंडीत ती वारली. उन्हाळ्यात बाळासोनं एक अर्ज लिहून बोटीत, दगडाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी खाली तात्याची सही होती.

"मा. तहसीलदारसाहेब यांस, अर्ज करण्यास कारण की, येत्या पावसाळ्यात उभयतांस स्वतंत्र पूर मंजूर व्हावा. ते शक्य नसल्यास, अर्जदारांच्या मातोश्री वारल्याने रिक्त झालेल्या जागी, उभयतांचे निरोप पोचवण्यास व पोचवताना त्यांत योग्य तो बदल करण्यास, शासनाने तातडीने माणूस द्यावा, ही विनंती."