काट्याचा रेडिओ

लोक रेडिओ घेतात ते गाण्यांसाठी. टेंभुर्णीचा गवंडी देवानंद म्हस्के जुन्या जालन्यात रेडिओ घ्यायला आला तो पोराचं नाव ऐकायला.

पोरगा संघपाल जहाजावर खलाशी होता. आखातातल्या ज्या बंदरात त्याचं जहाज उभं होतं तिथं लढाई पेटली. अकरा दिवस झाले, ना फोन ना नेट. मुंबईचा एजंट शेवटचं बोलला ते एवढंच, की तिकडचा रेडिओ रोज साडेसातला हिंदीतून खलाशांची नावं वाचतो. आधी सापडलेल्यांची, मग बेपत्ता असलेल्यांची. शॉर्टवेव्हवर लागतो, आकडा लिहून घ्या. पुढं एजंटाचाही फोन लागेना. दुसऱ्या यादीचं देवानंदनं घरी सांगितलंच नाही. बायकोची, केशरबाईची, आधीच अन्नावरची वासना उडाली होती. ते सांगायला जीभ कुठून आणायची?

दुकानदार भुजंगनं दोन स्वस्तातले रेडिओ पुढं ठेवले. एक पंजाएवढा, आकडे उमटणारा. दुसरा उशीएवढा, काट्याचा. आवाज असा, की समोरचा कापडवाला बाहेर येऊन बघायला लागला.

“काका, हा लहाना घ्या. आकडा दाबला की बराबर ठेसनावर जातंय.”

“मी टेंभुर्णीहून आल्तो तो काय खेळणं घ्यायला? समुद्रापल्याडचं ह्याला काय ऐकू येनार?”

“आवाजावर जाऊ नका. काट्यावर हुडकू हुडकू जीव जाईल.”

“गवंड्याचं बोट हाय हे, भाऊ. सूतभर म्हनलं तं सूतभरच हालतं.”

झालं! अक्कल त्या दिवशी घरी विसरला म्हणा, किंवा जीव टांगणीला लागलेल्या माणसाला मोठी वस्तूच भरवशाची वाटते म्हणा. मोठा रेडिओ पोटाशी धरून तो जीपमध्ये बसला.

घरी येऊन संध्याकाळी साडेसातला रेडिओ लावला, तर टक्, टक्, टक्. शेजारच्या मक्यात काकासाहेबांनी रानडुकरांसाठी तारेला झटका मशीन लावलं होतं. त्याचा एकेक ठोका रेडिओत उतरत होता. केशरबाई बांधाकडं धावली.

“दादा, घडीभर मशीन बंद करा हो! पोराचं नाव येनार हाय.”

“केलं बंद, वहिनी. डुकरं आली तं येऊ द्या,” अंधारातून काकासाहेब ओरडले.

टकटक थांबली. देवानंद काटा सरकवू लागला. कुठं खरखर, कुठं भलत्याच भाषेतलं गाणं, पुन्हा खरखर. सूतभर सरकवायला जावं, तर काटा बोटभर पुढं जाई. पावणेआठ झाले. आणि अचानक, अगदी शेजारी बसून बोलावं तशी, एक बाई हिंदीत म्हणाली, “संघपाल देवानंद म्हस्के, जालना, महाराष्ट्र.”

केशरबाईनं किंकाळीच फोडली. “घेतलं! माझ्या लेकराचं नाव घेतलं!” ती रडली, हसली, बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावली.

देवानंद मात्र जागच्या जागी गार पडला. ही यादी कोणती? ते सुरुवातीला सांगून झालं असणार, तो काटा चाचपत होता तेव्हा. पंजाएवढ्या रेडिओनं पहिल्या दमात ऐकवलं असतं. त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

पुढचं बरंच काही केशरबाईच्या रडण्याहसण्यात बुडालं. मग ती बाई म्हणाली, “दोनों सूचियाँ एक बार फिर सुनिए.”

पण केशरबाई केव्हाच बांधावर पोचली होती. “दादा, चालू करा मशीन! आमचं काम झालं. पोरगं सापडलं!”

“लई बेस झालं, वहिनी!”

‘थांबा’ एवढंच देवानंदला ओरडायचं होतं. पण मग ती विचारणार, कशाला? केशरबाई पदर खोचत आत आली आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा चुलीपुढं बसली.

टक्. टक्. टक्.

त्यानं रेडिओला कान लावला. ठोक्यांच्या मधून कुणाकुणाची नावं येत होती, अर्धी, पाऊण. संघपालचं नाव जवळ येईल तसा त्याचा धीर सुटत गेला. शेवटी त्यानंच हात लांबवून रेडिओ बंद केला.

“सांजा करून राह्यले,” ती म्हणाली. “त्याला लई आवडतो. तुमीबी खा आता, काळजी मिटली.”

“वाढ,” देवानंद म्हणाला, आणि ताटावर जाऊन बसला.