शेवटचा राउटनाख

सुतार मास्टर फाइटने ढाल पालथी घातली आणि मागच्या बाजूने करवतीने आडवी खाच पाडायला घेतली. भुसा पलंगाच्या चादरीवर उडत होता. उशांना टेकून बसलेले सरदार एर्डमन फॉन राउटनाख डोळ्यांत तेल घालून बघत होते.

"अजून खोल," ते म्हणाले. "श्टाइनलोहेंच्या म्हाताऱ्याला पुरलं तेव्हा ढाल मोडता मोडेना. शेवटी कुऱ्हाड मागवली. अख्खी पंचक्रोशी तोंडाला रुमाल लावून हसत होती."

"आणखी खोल गेलो तर दफनभूमीच्या वाटेवरच मोडेल, सरकार," सुतार म्हणाला.

दारात त्यांची मुलगी वाल्बुर्गा उभी होती. कार्प माशांचं तळं उपसायचे दिवस होते, ती थेट तिथून आली होती. बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल, हातात दुमडलेला कागद. तीन दिवस ती हा कागद घेऊन येत होती आणि तीन दिवस बाबांना दुसरंच काहीतरी महत्त्वाचं होतं. परवा शवपेटीच्या कड्या, काल चर्चमधली घंटा, आज ही ढाल.

घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की त्याची ढाल थडग्यापाशी मोडायची, तुकडे शवपेटीवर टाकायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं: आज राउटनाख, यापुढे कधीच नाही. वाल्बुर्गाचा एक भाऊ तापाने गेला होता, दुसरा लढाईत. त्यामुळे म्हातारा शेवटचा. त्याच्या मागे बिशपने दिलेली जहागीर मुलीला न मिळता बिशपकडेच परत जाणार आणि जहागिरीसोबत हे घरही. अकरा वर्षं तळी, जंगल, कुळं, गळकं छप्पर हे सगळं जिने सांभाळलं, तिने बोचकं बांधून कुठल्यातरी नातलगाच्या दारात जायचं.

"बाबा, सही."

"आधी हे होऊ दे."

"हे व्हायला तुम्हाला मरावं लागतं. सहीला जिवंत असावं लागतं."

फाइटची करवत थांबली. सरदारांनी त्याला चालू ठेवायची खूण केली.

"त्या कागदात काय आहे ते मला ठाऊक आहे. बिशपला विनंती. घर तेवढं मुलीला तिच्या हयातीपर्यंत राहू द्यावं, मेहरबानी होईल! चारशे वर्षांत राउटनाखांनी कुणापुढे पदर पसरला नाही."

"पसरायची पाळी माझ्यावर येणार आहे. तुम्ही आरामात जमिनीखाली असाल."

"तुझी व्यवस्था होईल. ओटोकार आहे ना."

ओटोकार म्हणजे शेजारचा सरदार, बाबांचा जुना शिकारसोबती. ढाल मोडायचा मान त्यालाच दिला होता. गेल्या ख्रिसमसला त्याने वाल्बुर्गाला सांगितलं होतं, 'आमच्याकडे पोरांना शिकवायला कुणीतरी हवंच आहे.' वर एक खोली आहे म्हणाला. शेगडी नसलेली.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती पुढे झाली, फाइटच्या मांडीवरून ढाल उचलली. रंग नुकताच वाळला होता. निळ्यावर पांढरा बगळा, एका पायावर उभा.

"बाईसाहेब, अहो..." फाइट उठला.

तिने चिखलाचा गुडघा वर घेतला, ढाल त्याच्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी खाली दाबली. कडाड्कन आवाज झाला. बगळ्याची मान एका हातात राहिली, पाय दुसऱ्यात.

"आज राउटनाख, यापुढे कधीच नाही," ती म्हणाली. आवाज चढला होता. "झालं? मेले सरदार? आता माझे बाप म्हणून कुणी शिल्लक असतील तर त्यांनी सही करावी!"

तिने दोन्ही तुकडे पलंगावर फेकले. तिला वाटलं, बाबा ओरडतील, निदान हात तरी उगारतील. म्हाताऱ्याने एक तुकडा उचलून मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"एका दमात," ते पुटपुटले. "ओटोकारला तीनदा आपटावी लागली असती." मग तिच्याकडे पाहून चिडून म्हणाले, "हट्टी कार्टी. अस्सल राउटनाख!"

शब्द तोंडातून निघून गेला होता. फाइट मान खाली घालून भुसा गोळा करू लागला. शेवटचा राउटनाख मीच, असं आजवर सांगणाऱ्या सरदारांना तो आता परत घेता येणार नव्हता. खाली अंगणात कुळांच्या बायका मासे टोपल्यांत मोजत होत्या, त्यांचा कालवा वर येत होता.

वाल्बुर्गाने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. शाईत बुडवून लेखणी पुढे केली. त्यांचा हात कापत होता. एरवी ती मनगटाला आधार द्यायची. आज दिला नाही. सही वेडीवाकडी झाली, पण झाली. त्यांनी अंगठी काढून शिक्काही स्वतःच उमटवला.

तिने शाईवर वाळू भुरभुरली आणि कागदाची घडी घातली.

"फाइट दुसरी ढाल करील," सरदार भिंतीकडे बघत म्हणाले. "थडग्यापाशी तूच मोड. लोकांना काय बोलायचं ते बोलोत. मी लिहून ठेवतो तसं."

केवढी मोठी मेहरबानी करत होते! तिचा राग उलट जास्तच चढला.

"ओटोकारलाच मोडू दे," ती म्हणाली. "मी नाही येणार. बिशपची माणसं त्याच दिवशी किल्ल्या मागायला येतील. तेव्हा घरात एक तरी राउटनाख हवाच."

आणि ती तळ्याकडे निघून गेली.