सोनेरी लेबलाखालची मी

मी एक शाम्पूची बाटली बोलतेय. बोलतेय कसली, भांडतेय म्हणा. गोड बोलणाऱ्यांच्यात मी बरेच महिने काढलेत आणि मला त्याचा वीट आलाय.

माझ्या पोटात नारिंगी रंगाचं, जरा उग्र वासाचं औषध आहे. डोक्याच्या कातडीवर एक बुरशी वाढते. तिच्यामुळे खाज सुटते, कोंडा पडतो, कातडी लाल होते. त्या बुरशीला आवरणं हे माझं काम. कारखान्यात मला पांढरं लेबल लावलं तेव्हा त्यावर तेवढंच छापलं होतं. आठवड्यातून दोनदा लावा, पाच मिनिटं ठेवा, धुऊन टाका. टकलावर केस उगवतील असं त्यात एका अक्षरानंही म्हटलेलं नव्हतं. दिसायला मी साधी होते, पण खरी होते.

१९९९ साली मी बेंगळुरूला आले. यशवंतपूरच्या एका ठोक दुकानातून हयवदन नावाच्या माणसानं आमची चार खोकी उचलली आणि रिक्षात घालून जे. पी. नगरला नेली. तिथे एका शिंप्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, त्याचं ‘केशवैभव सेंटर’ होतं. हयवदन धारवाडकडचा. आधी तो घरोघरी पाणी गाळायची यंत्रं विकायचा. डॉक्टर नव्हता, पण पांढरा कोट घालायचा. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर दाट, काळेभोर केस होते. ते त्याला आईबापांकडून मिळालेले. पण समोरच्याला वाटायचं, ही सगळी सेंटरची किमया!

पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या पांढऱ्या लेबलावर एक सोनेरी लेबल चिकटवलं. ‘केशवैभव रूट शाम्पू. मुळापासून नवे केस.’ अंगठ्यानं कडा दाबल्या आणि मला टेबलावर उभं केलं. मी दाखवायची बाटली झाले. मला ओरडता आलं असतं तर मी त्या क्षणी ओरडले असते.

त्या टेबलावरून मी किती डोकी पाहिली! व्हाइटफील्डच्या ऑफिसातली पुण्या-नागपूरची पोरं यायची. टोपी काढताना इकडेतिकडे बघायची. लग्न ठरायचं असलेले यायचे, मोडलेले यायचे. कुणाला आधीच कुणीतरी सांगितलेलं असायचं, इथलं पाणी जड आहे. कुणाला वाटायचं, हेल्मेटमुळे झालं. हयवदन सगळ्यांना हो म्हणायचा आणि मला उचलून त्यांच्या नाकासमोर धरायचा.

जूनमध्ये सुलभा आली. वय एकतीस. मूळची निपाणीची, पण दहा वर्षं बेंगळुरूत. यशवंतपूरला आई आणि धाकट्या भावासोबत राहायची आणि जे. पी. नगरच्याच एका नर्सिंग होममध्ये रिसेप्शनला बसायची. तिनं पदर डोक्यावरून घेतला होता. तो मागे केला तेव्हा तिच्या भांगाची रेघ मला दिसली. रेघ कसली, चांगली दोन बोटं रुंद पट्टी झाली होती. खालची कातडी चकाकत होती.

“आमचे मॅनेजर नरसिंहराव म्हणाले,” ती खाली बघत सांगत होती, “पेशंटला पहिलं तोंड तुझं दिसतं. तीन महिन्यांत काहीतरी कर. नाहीतर तळघरात रेकॉर्ड रूमला जा.”

“सरी, अक्का,” हयवदन कानडीत ‘बरं’ म्हणाला, “काळजी सोडा.”

“पण माझ्या वडिलांचंही असंच होतं. आत्याचंही. घराण्यातच असेल, तर शाम्पूनं येतात का केस?”

किती सरळ प्रश्न होता! इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. मी कान टवकारले. आता तरी हा माणूस खरं बोलेल असं मला वाटलं.

“शंभर टक्के येतात,” तो म्हणाला. “तीन महिने. रोज लावायचा.”

रोज! माझ्या अंगावर आठवड्यातून दोनदा असं लिहिलंय, आणि हा रोज म्हणतो!

मग ‘तपासणी’ झाली. कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये त्यानं तिचे केस धुतले, ओले असतानाच डोक्याला चप्प बसवले, ट्यूबलाइटखाली बसवून वरून फोटो काढला. ओल्या केसांत कुणाचीही कातडी दिसते. पण तो फोटो बघून तिचे डोळे भरले.

ती दर पंधरा दिवसांनी येत राहिली. केस गवतासारखे कोरडे झाले होते. “तितकेच गळतायत,” ती म्हणायची. आणि तो तिलाच रागवायचा. “तुम्ही टेन्शन घेता. मध्ये खाडा केला असेल. विश्वास ठेवला नाही की औषध लागू पडत नाही.” सुलभा मान खाली घालून ऐकायची. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. खोटं त्याचं, आणि अपराधी ती!

ऑगस्टच्या शेवटी दुसरा फोटो काढला. या वेळी केस धुतले नाहीत. ब्लोअरनं फुलवले, भांग डावीकडून उजवीकडे नेला, खिडकीचा पडदा ओढून उजेड मंद केला आणि समोरून फोटो घेतला. दोन्ही फोटो शेजारी ठेवून हयवदन म्हणाला, “बघा. स्वल्प धीर धरला की नाही?” तिला बघायचं होतं ते तिनं बघितलं. ती हसली. तिला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. खूश होऊन त्यानं टेबलावरची मी तिला भेट म्हणून दिली.

घरी तिची आई, कृष्णाबाई, तांदूळ निवडत होत्या. सुलभानं डोकं तिच्यापुढे वाकवलं. “आई, खरं सांग. भरलेत ना?”

कृष्णाबाईंनी चष्मा वर सरकवला. भांगावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “बाळ, आहे तसंच आहे.”

शेजारी उभा असलेला भाऊ, गुंडो, म्हणाला, “मी आधीच सांगितलं होतं, तेल लावत नाहीस म्हणून होतं.”

“तू गप्प बस,” कृष्णाबाई कडाडल्या. “तुझ्या बापानं जन्मभर तेल लावलं. काय झालं?”

सोमवारी सुलभा मला पर्समध्ये घालूनच कामावर गेली. नरसिंहरावांना मी तेव्हा पाहिलं. आणि काय सांगू, त्या माणसाच्या डोक्यावर कानामागे एक झालर सोडली तर एक केस नव्हता! त्याच टकलावरून हात फिरवत त्यांनी तिच्या भांगाकडे पाहिलं आणि म्हणाले, “एक तारखेपासून खाली बस. मनाला लावून घेऊ नकोस. बायकांचं वेगळं असतं.”

काय वेगळं असतं? कुणीतरी मला सांगा!

दुपारी सुलभा डॉक्टर अंजलींच्या खोलीत गेली. त्या कातडीच्या डॉक्टर, आठवड्यातून दोन दिवस तिथे यायच्या. सुलभानं मला टेबलावर ठेवलं. “मॅडम, हे तीन महिने लावलं. अजून किती लावू?”

डॉक्टरांनी माझं झाकण उघडून वास घेतला. मग सोनेरी लेबलाच्या कडेला नख घातलं. लेबल सर्रकन निघालं. खालचं माझं पांढरं अंग उघडं पडलं आणि मला मोकळा श्वास आला.

“अगं, हे तर मी रोज लिहून देते. कोंड्यासाठी.”

“मग केसांसाठी नाही?”

“नीट ऐक,” डॉक्टर म्हणाल्या. “तुझ्या डोक्याला खाज आहे, कोंडा आहे, त्याला हे चांगलं. तिथली सूज कमी झाली तर गळती थोडी कमी होऊ शकते. परदेशात थोड्या पुरुषांवर वापरून पाहिलंय. त्यांचे केस जरा दाट झाल्यासारखे वाटले असं छापून आलंय. पण माणसं मोजकी होती, त्यावरून मी तुला शब्द देणार नाही. वडिलांकडून आलेलं विरळपण एकट्या शाम्पूनं मागे फिरत नाही. लावायचं एक वेगळं औषध आहे. त्यानं काहींना फरक पडतो, सगळ्यांना नाही. पडला तरी ते वर्षानुवर्षं लावावं लागतं. आधी रक्त तपासू, मग ठरव. आणि हे रोज लावणं आजपासून बंद.”

पाच मिनिटांत सुलभाला जे कळलं ते हयवदनला तीन महिन्यांत कधीही सांगता आलं असतं. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. माझं पांढरं लेबल त्यानं स्वतः झाकलं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी वर्तमानपत्रातून एक पिवळा कागद पडला. कृष्णाबाईंनी उचलला आणि तशाच उभ्या राहिल्या. “सुलभा, ही कुडी तुझी ना गं?”

कागदावर दोन फोटो होते. समोरून काढलेल्यात डोळ्यांवर काळी पट्टी, पण कानात आजीच्या मोत्याच्या कुड्या. खाली छापलं होतं: ‘केशवैभवचा चमत्कार. फक्त तीन महिन्यांत.’

सुलभानं चहा अर्धा टाकला. मला पर्समध्ये कोंबलं आणि बस पकडली. वाटेत ती रडली नाही. पर्सच्या पट्ट्यावर तिची मूठ इतकी घट्ट होती की मला आतून जाणवत होती.

शनिवारी सेंटरमध्ये गर्दी असते. बाकांवर बारा-तेरा माणसं बसली होती, बऱ्याच जणांच्या हातात तोच पिवळा कागद. हयवदन बाहेर आला. “या, या अक्का! ह्याच बघा त्या,” तो सगळ्यांना म्हणाला. त्याला वाटलं, ही आभार मानायला आली.

कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा स्टीलचा जग होता. सुलभानं तो उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ओतला. सगळा. साडी भिजली, फरशीवर पाणी झालं. मग ती ट्यूबलाइटखाली उभी राहिली आणि सगळ्यांसमोर मान वाकवली.

“हा माझाच फोटो आहे,” ती म्हणाली. “पहिला असा काढला होता, ओल्या केसांचा. दुसरा ब्लोअर फिरवून. आता बघा जवळून. जून महिन्यात होतं तसंच आहे. आणि ही ती बाटली. कोंड्याचं औषध आहे, कुठल्याही दुकानात मिळतं.”

तिनं मला पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंच्या हातात दिलं. मी हातोहात फिरले. कुणी वाचलं, कुणी वास घेतला, आणि शेवटी मी पुन्हा सुलभाच्या हातात आले. एक तरुण म्हणाला, “अण्णा, हे काय?” हयवदन म्हणाला, “त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.”

“डोक्यावरच तर झाला नाही!” सुलभा ओरडली.

कुणीतरी फसकन हसलं आणि मग सगळे उठून निघाले. सगळे म्हणजे, एक जण सोडून. कोपऱ्यातला एक गृहस्थ बसूनच राहिला आणि सगळे गेल्यावर हयवदनला हळूच म्हणाला, “माझा नंबर आला का?” त्याच्यावर मी चिडू की रडू, मला अजून कळत नाही.

हयवदननं सुलभासमोर फोटोच्या अल्बममधून तिचे दोन्ही फोटो काढून दिले. माफी मागितली नाही. दिवाळीनंतर तिथली पाटी उतरली. दुसऱ्या भागात वेगळ्या नावानं लागली असेल, मला खात्री आहे.

सोमवारी सुलभा नरसिंहरावांपुढे उभी राहिली. “मला खाली पाठवायचं तर लेखी द्या. कारणही लिहा. केस विरळ म्हणून.”

“असं कसं लिहून देणार?”

“मग मी वरच बसते.”

एक तारीख आली आणि गेली. लेखी काही आलं नाही. त्यांनी तिच्या शेजारी एक नवीन मुलगी बसवली, लांब वेणीची. सुलभानंच तिला काम शिकवलं. घाबरलेले नातेवाईक अजूनही आधी सुलभाकडेच येतात, कारण कुठला पेशंट कुठल्या खोलीत हे तिला न बघता सांगता येतं. भांगाकडे काही जण बघतात. ती त्यांना बघू देते.

डॉक्टरांनी सांगितलेलं ते दुसरं औषध तिनं सुरू केलंय. वर्षभर लावून पाहणार आहे. नाही जमलं तर सोडणार, असं आईला म्हणाली.

मी आता न्हाणीघरातल्या फळीवर आहे. आठवड्यातून दोनदाच मला हात लागतो. तिची खाज गेली, कोंडा गेला. माझं काम मी चोख केलं. तळाशी एका वेळेपुरतं औषध उरलंय, येत्या रविवारी तेही संपेल.

जाता जाता तुम्हाला एवढंच सांगते. माझ्याकडे खाज घेऊन या, कोंडा घेऊन या, मी पाठ फिरवणार नाही. पण गेलेले केस माझ्याकडे मागू नका. आणि माझ्या नावानं कुणी ते द्यायला निघाला, तर त्याच्यापुढे मान खाली घालू नका.