धावदोरा

माझी बायको हेमलता गेली त्याला पाच महिने झाले. तिची कुत्री चिंधी माझ्याकडे राहिली. बंगळुरात, चिकपेटच्या कापडबाजारात एका दुकानामागच्या कात्रणांच्या ढिगात तिला सापडली होती, म्हणून चिंधी.

गेल्या महिन्यात चिंधीच्या गर्भपिशवीत पू झाला. जनावरांच्या दवाखान्यातल्या क्षमा डॉक्टर म्हणाल्या, आजच पोट उघडायला हवं. मग एक कागद पुढे केला.

"काका, आमचा एक स्टडी चालू आहे. पोट शिवायच्या दोन पद्धती. एकीत एकच दोरा सलग, गाठी फक्त दोन टोकांना. दुसरीत प्रत्येक टाका सुटा, त्याची गाठ वेगळी. कुणाला कुठली ते चिठ्ठीवर ठरतं."

चिठ्ठी माझ्यासमोर उघडली. सलग.

"नको," मी म्हणालो. "हा तर धावदोरा. माझी बायको तीस वर्षं ब्लाउज शिवत होती. धावदोरा एका टोकाला ओढला की सगळा निघतो. हिला गाठी मारा."

"स्टडीतून नाव काढा हवं तर. पण हिचं वय बघता मी तरीही सलगच शिवीन. लवकर होतं, भूल कमी लागते."

"सरी, ठीक आहे," म्हटलं आणि सही केली. हेमलताच्या पोटाचे टाके ऑपरेशननंतर नवव्या दिवशी उसवले होते. त्यातच ती गेली.

चिंधीला घरी आणल्यापासून मला एका जागी बसवेना. दर अर्ध्या तासाला तिला उताणी करायचो आणि शिवणीवरून बोट दाबत न्यायचो. दोनदा दूध उतू गेलं. आठव्या दिवशी बोटाला फुगवटा लागला. तसाच ऑटो करून पळालो.

डॉक्टरांनी पोट नीट चाचपलं. "आतली शिवण शाबूत आहे. कातडीखाली पाणी साठलंय. दिवसातून किती वेळा दाबता?"

कंपाउंडर नागराज म्हणाला, "कुत्रीनं चाटू नये म्हणून तिच्या गळ्यात टोपलं घातलं. अण्णा, तुमच्या हातांना काय घालू?"

"पण दोरा सुटला तर?" मी विचारलं.

"काका, दोरा पोट जोडत नाही. मांस जुळेपर्यंत नुसता धरून ठेवतो. मग विरघळून जातो."

म्हणजे धावदोराच. पक्की शिवण पडेपर्यंतचा. हेमलता नंतर तो ओढून टाकायची.

"आणि एखाद्या माणसाचं पोट उसवलं तर?"

"बहुतेक वेळा दोरा तुटलेला नसतो. मांसच धरत नाही."

हेमलताच्या सर्जननंही हेच सांगितलं होतं. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, तुला साधा टाका घालता येत नाही.

दुसरा दिवस नववा. चिंधी खाटेखाली होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. उठायचो, दारापर्यंत जायचो, परत येऊन तसाच बसायचो. दुपारी ती आपणहून बाहेर आली आणि माझ्या पावलांवर पोट टेकून पडली. पोट गरम होतं, खालीवर होत होतं.

मी हात बाहेर काढले नाहीत.