फाइलीतल्या पाच भेटी

टेलरबाईंच्या मोठ्या भावाने बावीस वर्षं बस चालवली. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. बोलायचा, पण एकेक शब्द ओढून आणावा लागे. दोघांचीही लग्नं राहून गेलेली, त्यामुळे सांभाळायला बहीणच. शिलाई मशीन त्याच्या खाटेजवळ मांडून ती दिवसभर शिवत बसे. बाकी सगळं जमत होतं, आंघोळ तेवढी जमेना. दादा अंगाने थोराड आणि ही चिपाडासारखी.

म्हणून तिने मदतनीस मिळावा असा अर्ज केला, आणि जानेवारीत सरकारी सोशल वर्कर मॅडम घरी आल्या. वयाने तिशीच्या आतल्या. इतर लोक दादाचं वाक्य अर्ध्यात पकडून स्वतःच पुरं करत. या थांबल्या. घाटात बस बंद पडल्याची गोष्ट सांगायला त्याला वीस मिनिटं लागली, तरी शेवटी त्या खळखळून हसल्या. जाताना म्हणाल्या, "ताई, आठवड्यातून तीन दिवस मदतनीस, आणि बाथरूममध्ये धरायला दांडा. दोन्ही मी करून देते."

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. दहा फोन केले की एक उचलला जाई, आणि उत्तर ठरलेलं, "पुढच्या आठवड्यात नक्की." दादा सकाळी दाराकडे बघून विचारायचा, "मॅ... डम?"

"येतील रे. त्यांना काय तू एकटाच आहेस?"

ऑगस्टमध्ये आंघोळ घालताना त्याचा पाय सरकला. तिने कंबरेला मिठी मारली, पण वजन पेललं नाही आणि दोघंही आपटले. तिचं कोपर सोलवटलं. त्याचं खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झाल्यावर हॉस्पिटलने कसलंसं पत्र मागितलं, म्हणून ती सोशल वर्करच्या ऑफिसात गेली. कारकुनाने फाइल तिच्यापुढे सरकवली. आत जानेवारीनंतरच्या पाच भेटींच्या नोंदी होत्या. प्रत्येकीखाली तेच वाक्य होतं: "घरी भेट दिली. परिस्थिती समाधानकारक. तातडीची गरज नाही." पाचवी तारीख तिने दोनदा वाचली. त्या दिवशी दादा ऑपरेशनच्या टेबलावर होता.

तक्रार लिहायला तिने तिथेच कोरा कागद मागून घेतला. कारकून हळूच म्हणाला, "बाई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा आमच्याकडे फिरकलाच नाही, तर वैर कसलं?"

दादाला घरी आणल्यावर हे कळलं, तेव्हा त्याने डावा हात जोरात हलवला. "नको. ती... चांगली... आहे."

"चांगली आहे, म्हणूनच तुझं हाड मोडलं का?" ती ओरडली, आणि ओरडल्यावर तिला आठवलं, त्या दिवशी त्याला धरलं होतं ते आपणच. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धूत बसली.

तीन आठवड्यांनी सुनावणीला बोलावणं आलं. टेबलामागे साहेब, बाजूच्या खुर्चीत मॅडम. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. टेलरबाईंनी वाटेत किती जळजळीत वाक्यं जुळवली होती! मॅडमनी मान खाली घालूनच सांगितलं, "मी नाही गेले, ताई. एकशे चाळीस घरं आहेत माझ्याकडे. महिनाअखेरीला रकाने रिकामे दिसले की..." त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

"मग 'जाता आलं नाही' एवढं तरी लिहायचं होतं," टेलरबाई म्हणाल्या. आवाज चढवायचा होता, तो चढलाच नाही. "तुम्ही समाधानकारक लिहिलंत, म्हणून यादीत आमचा नंबर खाली गेला. खरं लिहिलं असतंत तर कुणीतरी दुसरं आलं असतं."

मॅडम रडू लागल्या. साहेबांनी लगबगीने एक कागद पुढे केला. "संबंधितांना या कामावरून काढलंय. तक्रार मिटली म्हणून इथे सही करा."

"मिटली कुठे? एका बाईवर एकशे चाळीस घरं टाकली कुणी, ते यात नाही. मदतनीस कधी येणार, तेही नाही. ते आधी लिहा."

"ते या फॉर्ममध्ये बसत नाही."

"मग माझी सहीही बसत नाही."

पुढच्या सोमवारी मदतनीस आला. एकशे चाळीस घरांबद्दल मात्र चकार शब्द कुणी लिहून दिला नाही. मॅडमना काढलंच होतं आणि त्यांची जागा रिकामी होती. दादाने दोन दिवस बहिणीशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्याने चहा मागितला, आणि तिनेही विषय काढला नाही.

मदतनीस हलक्या हाताचा होता. दादाला उचलून त्याने बाथरूममध्ये नेलं आणि दार लोटून घेतलं. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला. परक्या माणसापुढे उघडं व्हायला दादाला किती जड जात असेल, ते तिला बाहेर बसून कळत होतं. समोर एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज अर्धा शिवून पडला होता. तिने पाय मशीनवर ठेवला, पण चालवली नाही. आत काही पडतंय का, याकडे कान लावून ती बसून राहिली.